विवर्तन जालक

विवर्तन जालक : एकमेकींना समांतर व परस्परांपासून अगदी समान अंतरावर असलेल्या अनेक बारीक फटींच्या किंवा खाचांच्या समूहास विवर्तन जालक म्हणतात. त्यावर पडलेला प्रकाश ठराविक दिशांनाच एकवटून बाहेर पडतो. ही दिशा प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असल्यामुळे पांढऱ्या प्रकाशाचे त्याच्या घटक रंगांत पृथक्करण होते. काचेवर रेषा ओढून केलेल्या जालकातून प्रकाश आरपार जातो, त्यास पारगामी जालक म्हणतात. धातूच्या चकचकीत पृष्ठावर खाचा पाडलेल्या जालकास परावर्ती जालक म्हणतात. लोलकानेही वर्णपट मिळतो. परंतु लोलकातील विचलन काचेच्या जातीवर अवलंबून असते व ते केवळ आकडेमोडीने आधी सांगता येत नाही. जालकाच्या बाबतीत दोन लगतच्या रेषांमधील अंतर तेवढे माहीत असले, की कोणत्याही रंगाचा विवर्तन कोन कागदावर काढता येतो. उलट कोन मोजून तरंगलांबी निरपेक्षपणे ठरविता येते. वर्णपटविज्ञानात जालकाला जे स्थान मिळाले ते मुख्यतः या गुणामुळे होय.

जालकाचा ढोबळ अनुभव घेण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. रात्री छत्रीच्या ताणलेल्या कापडातून दूरच्या दिव्याकडे पाहिले असता दिव्याभोवती फुलीच्या आकारात मांडलेले रंगीत ठिपके दिसतात. कापडाच्या धाग्यांमधील अंतर ०·२ मिमी. धरले, तर पिवळ्या प्रकाशाचे लगतचे ठिपके एकमेकांपासून सु. १० मिनिटांच्या कोनावर, म्हणजे चंद्राच्या दृश्य व्यासाच्या सु. एक-तृतीयांश अंतरावर पडतात. सीडीच्या चकतीवर दिसणारे रंगही याच प्रकारचे असून तीवरील सर्पिल मार्गाच्या लगतच्या वेढ्यांमधील अंतर १·६ मायक्रोमीटर असते.

तत्त्व : जालकावर त्याच्या प्रतलाला लंब दिशेने एकवर्णी प्रकाशाची समांतर शलाका पडत आहे असे मानू. प्रत्येक फटीपाशी पोहोचलेला तरंग तेथून सर्व दिशांना पसरतो. सर्व फटी एकाच तरंगाग्रावर असल्यामुळे तेथून निघणारे तरंग आरंभी समकला असतात. आता मूळ दिशेशी ‘क’ एवढा कोन करून जाणाऱ्या किरणांचा विचार केला, तर एका फटीतून निघालेल्या किरणास तिच्या शेजारच्या फटीतून निघालेल्या किरणापेक्षा थोडे अधिक अंतर तोडावे लागते. दोन लगतच्या फटींमधील अंतर (एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत) ‘अ’ असेल, तर हे मार्गांतर अ × ज्या क एवढे येते. येथे ज्या म्हणजे त्रिकोणमितीतील साइन हे गुणोत्तर होय. हे मार्गांतर जर तरंगलांबीच्या पूर्णांक पटीत असेल, तर दुसऱ्या फटीचा तरंग पहिलीच्या तरंगाशी, तिसरीचा दुसरीच्या तरंगाशी आणि याप्रमाणे शेवटपर्यंत सर्व तरंग शिखरास शिखर मिळून एकत्र येतात. तरंगलांबी ‘त’ व पूर्णांक ‘म’ मानल्यास

अ × ज्या क = म × त ............ (१)

हे जालकाचे मूलभूत समीकरण मिळते. ‘अ’ या राशीस जालकांतर व ‘म’ या अंकास वर्णपटाचा क्रम म्हणतात. म = ० असता सर्व रंग सरळ पुढेच जातात, म्हणून मधली प्रतिमा पांढरी (किंवा दिव्याच्याच रंगाची) दिसते. तिच्या दोन्ही बाजूंस पहिल्या, दुसऱ्या इ. क्रमांचे वर्णपट सममितीने मांडलेले असतात. लोलकात जांभळा रंग सर्वांत अधिक वळतो. येथे तरंगलांबी जितकी मोठी तितका कोन मोठा असल्यामुळे तांबडा रंग सर्वांत अधिक वळतो.

दोनच फटी असल्या तरी समीकरण (१) लागू पडते. मग हजारो रेषांचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे पडणे साहजिक आहे. दोन फटींच्या बाबतीत प्रकाश व अंधार यांचे पट्टे रुंद असून एकातून दुसऱ्यात हळूहळू जातात. फटींची संख्या ‘न’ असता, समीकरणाने दिलेल्या दिशेपासून कोन किंचित बदलला व त्यामुळे जालकाच्या दोन टोकांमधील एकूण मार्गांतरात एका तरंगलांबीचा फरक पडला, तर पहिली फट व मधोमध असलेली फट यांच्या तरंगांत अर्ध्या तरंगलांबीचे अंतर पडून ते एकमेकांस नाहीसे करतात. दुसरी फट व मधल्या फटीच्या पुढची फट यांचेही तसेच होते व अशा जोड्यांनी सगळा प्रकाश संपतो. जालक जितके रुंद तितका हा आवश्यक बदल लहान असतो. म्हणजे फटींच्या संख्येमुळे प्रकाशाची दिशा बदलत नाही, तर ती दिशा अधिक काटेकोर होते. हजारो रेषांच्या जालकातून मिळणारी प्रतिमा म्हणूनच केसासारखी बारीक रेषा असते.

कोनांचे गणित : महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या जालकावर बहुधा १ इंचात १५,००० रेषा असा उल्लेख असतो. १ इंच = २५·४ मिमी., म्हणून जालकांतर २५·४ ÷ १५,००० = ०·००१६९३३ मिमी., म्हणजेच १६,९३३ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे १ मिमी.चा एक कोटीवा भाग) एवढे येते. सोडियमाच्या दिव्यातील पिवळ्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी ५,८९३ अँगस्ट्रॉम आहे. पहिल्या क्रमासाठी ज्या क = ५,८९३ ÷ १६,९३३ = ०·३४८०, म्हणून क = २०° २२′. दुसऱ्या क्रमासाठी ज्या क = ०·६९६०, म्हणून क = सु. ४४° ७′.

दुसऱ्या क्रमाचा कोन पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे ४०° ४४′ नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दुप्पट होते ती ज्या, कोन नव्हे. कोन लहान असताना हा भेद जाणवत नाही, म्हणून छत्रीच्या कापडातील ठिपके समान अंतरावर दिसतात. कोन वाढत जातो तसतसे वर्णपट अधिकाधिक लांब पसरत जातात. तिसऱ्या क्रमासाठी ज्या क = १·०४४ येते. कोणत्याही कोनाची ज्या १ पेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणून या जालकातून सोडियम प्रकाशाचा तिसरा क्रम मिळतच नाही. जालकांतराला तरंगलांबीने भागले असता येणाऱ्या संख्येचा (येथे २·८७) पूर्णांक भाग म्हणजे मिळू शकणारा सर्वांत वरचा क्रम होय. जालकांतर तरंगलांबीपेक्षाही लहान असेल, तर लंब आपतनात एकही वर्णपट बाहेर पडत नाही व पृष्ठभाग साध्या काचेसारखा किंवा आरशासारखा वागतो.

पांढरा प्रकाश वापरल्यास याच जालकाने पहिल्या क्रमात ४,००० अँगस्ट्रॉमचा जांभळा रंग १३° ४०′ वर व ७,००० अँगस्ट्रॉमचा तांबडा २४° २५′ वर पडतो. दुसरा क्रम २८° १२′ पासून ५५° ४६′ पर्यंत पसरतो. मात्र तिसऱ्या क्रमातील जांभळा ४५° ८′ वरच सुरू होतो. त्यामुळे दुसऱ्या क्रमातील ६,००० अँगस्ट्रॉमच्या पुढील नारिंगी व तांबड्या भागावर तिसऱ्या क्रमातील जांभळा-निळा भाग येऊन पडतो. ही सरमिसळ जालकाचा मूळचाच दोष आहे. तो टाळण्यासाठी नको असलेले रंग शोषून घेणारी काच मार्गात ठेवतात किंवा एक लहान लोलक आडवा बसवून निरनिराळे क्रम एकमेकांच्या वर-खाली वेगळे पाडतात.

पडद्यावरील ठिपक्यांची अंतरे मोजून तरंगलांबी काढताना एक चूक वारंवार होते. हीलियम-निऑन लेसरचा ६,३२८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा तांबडा किरण वरील जालकातून १ मी. दूरच्या पडद्यावर पाडला, तर ज्या क = ०·३७३७ व क = २१° ५७′ येतो. पडद्यावरील पहिला ठिपका मात्र मध्यापासून ३७·४ सेंमी.वर नव्हे, तर ४०·३ सेंमी.वर मिळतो, कारण पडद्यावरील अंतर हे कोनाच्या ज्येच्या नव्हे, तर स्पर्शज्येच्या (टॅन्जंटच्या) प्रमाणात असते. यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात या दोहोंत फरक न करण्याची जी मुभा असते ती येथे घेतली, तर तरंगलांबी ६,८०० अँगस्ट्रॉमच्या वर येते व शेकडा ८ इतकी चूक होते. प्रथम अंतरावरून कोन काढून मगच समीकरण (१) वापरावे. सीडीच्या चकतीवर हाच किरण लंब दिशेने टाकला असता पहिला परावर्तित ठिपका २३° १८′ वर येतो. डीव्हीडीच्या चकतीवरील वेढ्यांमधील अंतर ०·७४ मायक्रोमीटर असल्याने तीवर तो जवळजवळ ५९° वर जातो. चकतीवरील नोंदींची दाटी अशा रीतीने फूटपट्टीनेही ताडून पाहता येते.

तिरपे आपतन : आपाती प्रकाश जालकाच्या लंबाशी ‘आ’ एवढा कोन करीत असेल, तर दोन लगतच्या किरणांत जालकापर्यंत पोहोचतानाच अ × ज्या आ एवढे मार्गांतर पडलेले असते. आपाती किरण व विवर्तित किरण लंबाच्या एकाच बाजूस असता दोन्ही मार्गांतरांची बेरीज, तर विरुद्ध बाजूंस असता वजाबाकी होते :

अ × (ज्या आ ± ज्या क) = म × त ............ (२)

परावर्ती जालक जवळजवळ नेहमी तिरप्या आपतनातच वापरतात. पारगामी जालकाच्या प्रयोगात मात्र तिरपेपणा हा नकळत शिरणारा दोष असतो. वरील उदाहरणात जालक लंब स्थितीपासून १° ने फिरलेले राहिले, तर सोडियम रेषा मधल्या प्रतिमेपासून एका बाजूस २०° २६′ वर व दुसऱ्या बाजूस २०° १८′ वर दिसते. दोहोंची सरासरी पुन्हा २०° २२′ च येते. वर्णपटमापकावर डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या रेषांवर दूरदर्शक लावून त्या दोन वाचनांतील फरक निम्मा करण्याची जी पद्धत आहे तिचे इंगित हेच होय. केवळ एका बाजूचे वाचन घेणाऱ्यास आपले जालक तिरपे आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

अपस्करण व विभेदनक्षमता : सोडियमाचा पिवळा प्रकाश वस्तुतः ५,८९० व ५,८९६ अँगस्ट्रॉम या दोन अगदी जवळच्या तरंगलांब्यांचा असतो. वरील जालकाने पहिल्या क्रमात या दोन रेषांमध्ये सु. १·३ मिनिटांचा, तर दुसऱ्या क्रमात सु. ३·४ मिनिटांचा कोन पडतो. तरंगलांबीतील दर एकक फरकामागे पडणाऱ्या कोनास अपस्करण म्हणतात. ते जालकांतर लहान केल्याने व क्रम वाढविल्याने वाढते. परंतु रेषा दूर पडल्या तरी प्रत्येकीची रुंदीच मोठी असेल, तर त्या वेगळ्या दिसणार नाहीत. म्हणून दुसरी एक राशी लागते. एका रेषेचा मध्य दुसरीच्या लगतच्या अंधाऱ्या स्थानावर पडला, की त्या दोन रेषा जेमतेम अलग ओळखता येतात, असा संकेत लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांनी घालून दिला. त्यानुसार जालकाची विभेदनक्षमता, म्हणजे तरंगलांबी व ओळखता येणारा तिच्यातील लहानात लहान फरक यांचे गुणोत्तर, म × न एवढी येते. सोडियमाच्या जोडरेषांसाठी ती सु. १,००० लागते. पहिल्या क्रमात त्यासाठी १,००० रेषा पुरतात व त्या वरील जालकाच्या १·७ मिमी. रुंदीच्या पट्टीतच मावतात.

या सूत्रावरून रेषा जितक्या दाट तितके जालक चांगले, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. समीकरण (२) मधील ‘म’ ची किंमत घातली, तर विभेदनक्षमता ही जालकाची एकूण रुंदी, तरंगलांबी व दोन कोन यांवरच अवलंबून असल्याचे दिसते. रेषांची दाटी त्यातून नाहीशी होते. १५ सेंमी. रुंदीच्या जालकाला ५,००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीस ६,००,००० पेक्षा अधिक विभेदनक्षमता कोणत्याही उपायाने येऊ शकत नाही, मग त्यावर रेषा कितीही असोत. एशेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जालकात खाचा मुद्दाम विरळ ठेवतात व तीव्र तिरप्या आपतनात वरच्या क्रमांत काम करून तेवढीच विभेदनक्षमता मिळवितात.

कोणत्या क्रमात किती प्रकाश जाईल हे समीकरण (१) सांगत नाही. ते प्रत्येक फटीच्या किंवा खाचेच्या आकारावर ठरते. फट व तिच्या शेजारची अपारदर्शक पट्टी समान रुंदीची असेल, तर दुसरा, चौथा इ. सम क्रमांचे वर्णपट गळतात. साध्या जालकातील बराच प्रकाश मधल्या निरुपयोगी प्रतिमेत वाया जातो. रॉबर्ट विल्यम्स वुड (१८६८–१९५५) या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी १९१० मध्ये खाचांच्या भिंतींना ठराविक उतार देऊन, प्रत्येक खाचेचे परावर्तन हव्या त्या क्रमाच्या दिशेनेच होईल अशी योजना केली. आजची बहुतेक परावर्ती जालके याच प्रकारची असतात.

इतिहास : पक्ष्याच्या पिसातून सूर्यप्रकाश जाऊ दिला असता रंगीत ठिपक्यांची रांग मिळते, असे स्कॉटिश गणितज्ञ जेम्स ग्रेगरी (१६३८–७५) यांनी १६७३ मध्ये एका पत्रात नमूद केले होते. फिलाडेल्फिया येथील डेव्हिड रिटनहाउस (१७३२–९६) यांनी दोन बारीक मळसूत्रांच्या आट्यांत सु. ५० केस समांतर ताणून पहिले कृत्रिम जालक बनविले व १७८६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रेशमी रुमालातून रस्त्यावरील दिव्याकडे पाहताना दिसणाऱ्या रेषांविषयी त्यांचे मित्र फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी केलेली पृच्छा हे त्याचे निमित्त होते. या प्रयोगाचा पुढे कोणी पाठपुरावा केला नाही. टॉमस यंग (१७७३–१८२९) यांनी १८०१ मध्ये काचेवरील बारीक समांतर रेषांवरून परावर्तित होणारा तांबडा प्रकाश १०¼°, २०¾°, ३२° व ४५° या कोनांवर मिळतो आणि या कोनांच्या ज्या १, २, ३, ४ या प्रमाणात आहेत असे दाखवून दिले. प्रकाश तरंगरूप असल्याच्या आपल्या मताला आधार म्हणून त्यांनी हा दाखला दिला होता.

जालकाला मापन-साधनाचे स्वरूप दिले ते बव्हेरियातील भिंगकार जोझेफ फोन फ्राउनहोफर (१७८७–१८२६) यांनी. १८२१ मध्ये त्यांनी दोन समांतर मळसूत्रांवर बारीक तार गुंडाळून २६० तारांचे जालक केले व पुढे काचेवर हिऱ्याने रेषा ओढून १ मिमी.त सु. ३०० रेषांपर्यंत मजल मारली. सौर वर्णपटातील पिवळ्या भागातील काळ्या रेषेची त्यांनी काढलेली तरंगलांबी आजच्या भाषेत ५,८८८ अँगस्ट्रॉम भरते. तिच्यात शेकडा ०·१ इतकीही चूक नाही.

कोन मोजण्याची उपकरणे सुधारत गेली तसतसा सारा भार जालकांतराच्या अचूकतेवर येऊन पडला. तरंगलांबी ही अखेर त्या अंतराच्याच मापात मिळते आणि ते अंतर कोणत्या तरी मीटर-पट्टीवरून आलेले असते. स्वीडनमधील अप्साला येथील अँडर्स योनास अँगस्ट्रॉम (१८१४–७४) यांनी प्रशियातील कारागीर फ्रीड्रिख आडोल्फ नोबर्ट यांच्या जालकांनी सौर वर्णपटातील सु. १,००० रेषांच्या तरंगलांब्या मोजून १८६८ मध्ये प्रसिद्ध केल्या. हे कोष्टक जगभर प्रमाण मानले गेले व त्यातील एककास पुढे त्यांचेच नाव मिळाले. मात्र अप्सालाच्या ज्या मीटर-पट्टीशी जालकांची तुलना केली होती तिच्याच लांबीत सात-आठ हजारांत एक भाग एवढी चूक असल्याचे आढळून आले. प्रत्येक कोन बिनचूक मोजलेला असूनही सगळे कोष्टक एकाच प्रमाणात चुकलेले होते. अँगस्ट्रॉम यांच्या मृत्यूनंतर त्यांचे सहकारी रॉबर्ट तालेन यांनी १८८४ मध्ये सुधारित मूल्ये दिली.

बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हेन्री ऑगस्टस रोलंड (१८४८–१९०१) यांनी अडचण नेमकी हेरली. रेखन यंत्रात हिऱ्याचे टोक दर रेषेगणिक पुढे सरकविण्याचे काम मळसूत्र करते. तेव्हा मळसूत्र निर्दोष असल्याखेरीज जालक निर्दोष होणार नाही. लांब नटाचे उभे तुकडे करून ते मळसूत्रावर आवळावयाचे व तेल आणि घर्षक भुकटी घालून, दिशा उलटसुलट करीत दीर्घकाळ घासावयाचे, या पद्धतीने त्यांनी तोपर्यंत कधीच न साधलेले मळसूत्र तयार केले. ब्रिटिश ज्ञानकोशाच्या नवव्या आवृत्तीतील ‘मळसूत्र’ ही नोंद त्यांनीच लिहिली आहे. त्यांच्या यंत्राने १ इंचात १४,४३८ रेषा पडत. एक मोठे जालक पुरे होण्यास कित्येक दिवस व रात्री लागत आणि तेवढ्या काळात तापमान बदलले तर जालक वाया जाई. म्हणून हे यंत्र तळघरात ठेवलेले असे. १८८२ मध्ये त्यांनी अंतर्गोल आरशावरच रेषा ओढण्याची कल्पना अमलात आणली. असे जालक वर्णपट पाडते व भिंगाशिवाय त्याची प्रतिमाही स्वतःच जुळविते. त्यामुळे काच ज्यांना शोषून घेते त्या जंबुपार किरणांचा अभ्यास शक्य झाला. सौर वर्णपटातील सु. २०,००० रेषांचे त्यांचे कोष्टक १८९५–९७ या काळात प्रसिद्ध झाले. रोलंड यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी या यंत्राजवळच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

इतक्या काळजीनंतरही मळसूत्राच्या प्रत्येक फेऱ्यागणिक होणारी सूक्ष्म चूक रेषांत उतरतेच. ही चूक नियमित असल्याने ती स्वतःच एका विरळ जालकासारखी वागते व खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंस अस्तित्वात नसलेल्या तरंगलांब्यांच्या फिकट रेषा उमटविते. त्यांना रोलंड यांची भुते असे नाव आहे. वर्णपटात नवी रेषा सापडल्याचे जाहीर करण्यापूर्वी ती भूत नाही ना, हे पाहावे लागे. १९५० नंतरच्या दशकात जॉर्ज हॅरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत रेखन यंत्राची हालचाल प्रकाशाच्या व्यतिकरणानेच मोजून ती सतत दुरुस्त करण्याची व्यवस्था केली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मळसूत्राला अजिबात फाटा देणारी पद्धत निघाली. तीत लेसरच्या दोन शलाका एकमेकींवर पाडून मिळणारे व्यतिकरण पट्टे प्रकाशसंवेदी थरावर मुद्रित करतात. अशा जालकांत भुते नसतात. प्रयोगशाळांतील नेहमीची जालके मात्र मूळ जालकावरून प्लॅस्टिकाच्या वा रेझिनाच्या थरात घेतलेल्या प्रतिकृती असतात.

क्ष-किरण व इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार : क्ष-किरणांची तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या काही हजारांश पट असल्याने त्यांसाठी ओढीव जालक निरुपयोगी समजले जाई. १९१२ मध्ये माक्स फोन लौए यांच्या सूचनेवरून स्फटिकातील अणूंच्या नियमित थरांचाच जालक म्हणून उपयोग करण्यात आला. स्फटिकाचे जालकांतर मात्र पट्टीने मोजता येत नाही. स्फटिकाची घनता व आव्होगाड्रो अंक यांवरून ते काढीत आणि आव्होगाड्रो अंक हा रॉबर्ट मिलिकन यांनी तैलबिंदूंच्या प्रयोगाने ठरविलेल्या इलेक्ट्रॉनाच्या भारावरून येई. १९२५ मध्ये आर्थर हॉली कॉम्प्टन व आर. एल. डोन यांनी क्ष-किरण साध्या ओढीव जालकावर जवळजवळ पृष्ठभागाला घासून पाडले. अशा आपतनात समीकरण (२) मधील दोन ज्यांतील फरक इतका लहान होतो, की इतक्या आखूड तरंगलांबीचेही विवर्तन मोजता येते. यापुढील काटेकोर मोजणीत ओढीव जालकाने मिळणारी तरंगलांबी स्फटिकाने मिळणाऱ्या मूल्यापेक्षा शेकडा सु. ०·२ ने अधिक येऊ लागली.

दोष ओढीव जालकाच्या उपपत्तीत असावा, असे आरंभी अनेकांना वाटले. परंतु स्फटिकाचे जालकांतर इलेक्ट्रॉनाच्या भाराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे अंतरातील ०·२ टक्के चुकीचा अर्थ भारात सु. ०·६ टक्के चूक असा होतो. अखेरीस चूक तेथेच असल्याचे ठरले. मिलिकन यांनी वापरलेले हवेच्या श्यानतेचे (दाटपणाचे) मूल्य काहीसे कमी होते व त्यामुळे त्यांनी काढलेला इलेक्ट्रॉनाचा भारही कमी आला होता. हे मूल्य १९३० नंतरच्या दशकात सुधारण्यात आले व त्याबरोबर आव्होगाड्रो अंक आणि त्यांवर आधारलेले इतर स्थिरांकही बदलले. काचेवर ओढलेल्या रेषांमधील अंतर व एक कोन यांनी तैलबिंदूंच्या प्रयोगातील चूक उघडकीस आणावी, हे भौतिकीतील परस्पर पडताळ्याचे एक उत्तम उदाहरण आहे.

इतर प्रकार व उपयोग : जालक घन पदार्थाचेच असले पाहिजे असे नाही. द्रवातून श्राव्यातीत ध्वनितरंग जात असता त्यात दाट व विरळ थर आलटून पालटून निर्माण होतात व प्रकाशाला ते जालकासारखे भासतात. हा आविष्कार १९३२ मध्ये पाहण्यात आला व त्याची समाधानकारक उपपत्ती बंगलोर येथे चंद्रशेखर वेंकट रामन व एन्. एस्. नागेंद्र नाथ यांनी १९३५–३६ मध्ये मांडली. येथे जालकांतर म्हणजे ध्वनीची तरंगलांबी होय. पाण्यात सेकंदाला १ कोटी कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ०·१५ मिमी. असते व सोडियम प्रकाशाचे लगतचे क्रम तीत सु. १३·५ मिनिटांच्या कोनावर पडतात. हा कोन मोजून उलट द्रवातील ध्वनीचा वेग काढता येतो.

रासायनिक विश्लेषण, धातुपरीक्षण, एकाच प्रकाशीय तंतूतून निरनिराळ्या तरंगलांब्यांचे संदेश पाठविणे व वेगळे करणे यांसाठी जालके वापरात आहेत. अतिशय अल्पकालिक लेसर स्पंद प्रथम ताणून, मग त्यांचे विवर्धन करून जालकांच्या जोडीने पुन्हा दाबण्याचे तंत्र डॉना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी १९८५ मध्ये विकसित केले; त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९९९ मध्ये अवकाशात सोडलेल्या चंद्रा या क्ष-किरण दूरदर्शकात सोन्याच्या अतिसूक्ष्म पट्ट्यांची पारगामी जालके बसविलेली आहेत.

ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहामुळे तारा किंचित मागे-पुढे डोलतो व त्याच्या वर्णरेषा त्या प्रमाणात सरकतात. मीशेल माय्यॉर व दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हांस वेधशाळेत एशेल जालकाच्या वर्णपटलेखकाने ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचा असा डोल शोधला. ताऱ्याचा वेग सेकंदाला सु. ६० मी. एवढाच कमी-जास्त होत होता, म्हणजे तरंगलांबीत ५० लाखांत एक भाग एवढाच फरक पडत होता. याच पद्धतीने अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील ज्योतिर्विदांनी अबू पर्वतावरील गुरुशिखर येथील दूरदर्शकाला जोडलेल्या ‘पारस’ या एशेल वर्णपटलेखकाच्या साहाय्याने २०१८ मध्ये दुसऱ्या एका ताऱ्याभोवतालच्या ग्रहाचे वस्तुमान निश्चित केले.